काढून ठेवलेली कळपवही

१

खंडेरावचा फायदा तेवीस मेंढ्यांचा होता.

हिशोब सोपा आहे. दोघा भावांची मिळून मेंढरं दोनशे चौदा. थोरल्या मुंजाबाच्या म्हणण्याप्रमाणे त्यातली एकशे तीस त्याची आणि चौऱ्याऐंशी धाकट्या खंडेरावची. वही असती तर वाटणी तशी झाली असती. वाटणीच्या दिवशीच वही गायब झाली, म्हणून पंच म्हणून बसलेल्या चार पाहुण्यांनी कळपाचे सरळ दोन भाग केले, एकशे सात आणि एकशे सात. म्हणजे वही गेल्याने धाकट्याच्या पदरात तेवीस मेंढ्या जास्त पडल्या. ज्याचा फायदा त्यानेच केलं असणार, असं मुंजाबाला वाटलं. जगात बहुतेकांना असंच वाटतं, आणि बहुतेकांचं बरोबरही निघतं.

हर्सूलला रत्नमालाताईंच्या ओट्यावर बसून मुंजाबा हे सांगत होता. ताई पशुधन पर्यवेक्षक म्हणून एकतीस वर्षं खुलताबाद-कन्नड भागात फिरल्या होत्या. मेंढरांना लस टोचता टोचता त्यांनी माणसं बरीच वाचली होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी धनगरांच्या वस्तीवर अजून त्यांना "डाक्टरबाई"च म्हणत.

"नीट सांग," ताई म्हणाल्या. "वही म्हणजे मोबाइलमधली. कळपवही. मीच घालायला लावलेली."

"तीच. तुमीच तर आईला बसवून समदं लिवून घेतलं हुतं."

ते खरं होतं. बापाने लग्नाच्या वेळी दोन्ही पोरांना वीस-वीस मेंढ्या दिल्या, पण कळप वेगळा केला नाही. कानाची खूणही दोघांची एकच. रीत अशी, की आई ज्याची, कोकरूही त्याचं. कोण कुणाची लेक, कुणाची नात, हे सगळं म्हाताऱ्या पुतळाबाईच्या डोक्यात होतं. चार वर्षांपूर्वी ताईंनी म्हातारीला बसवलं, आणि मुंजाबाची सून शालू हिने एकेका मेंढीचा फोटो काढून, आईचं नाव, मालकाचं नाव असं सगळं त्या ॲपमध्ये चढवलं. पुढच्या वर्षी पुतळाबाई गेली. त्यानंतर नवं कोकरू झालं की शालूच नोंद करी.

"पंच बसले. मी म्हणलं, भांडता कशाला, वहीच दाखवतो. फोन उघडला तर वहीचं चित्रच नाय! बाकी समदं हाय, फोटू हायत, गाणी हायत. फकस्त वही नाय."

"आदल्या दिवशी होती?"

"व्हय की. आदल्या दिवशी सांजंला मीच शालूला म्हणलो, उद्या पंच येणारंत, वही काढून ठेव. अन् दुपारी बघतो तर ही गत."

"फोन कुठं होता?"

"छपरात, खुंटीला. खंड्या तिथंच झोपलेला."

"मग तू पंचांसमोर काय म्हणालास?"

मुंजाबाने पागोट्याचं टोक उगाच चाचपलं.

"म्हणलो. चोर म्हणलो."

खंडेराव त्यावर एक शब्द बोलला नव्हता. आपल्या एकशे सात हाकून तो देवगाव रंगारीला लेकीच्या गावी गेला, आणि तिथून निरोप धाडला. येत्या बाजाराच्या आत दादानं पंचांसमोर शब्द मागं घ्यावा. नाहीतर एकूण एक मेंढी विकीन, आणि त्या वस्तीवर पुन्हा पाय ठेवणार नाही.

बाजार चार दिवसांवर होता.

"ताई, तो चोर हाय का नाय, तेवढंच सांगा," मुंजाबा म्हणाला. "आसंल तर तोंड बघणार नाय. नसंल तर पाय धरीन."

२

ज्याचा फायदा त्याच्याकडे आधी जायचं, या नियमाने ताई दुसऱ्या दिवशी एसटीने देवगावला गेल्या. ही त्यांची पहिली चूक. तिचा हिशोब पुढे लागेलच.

खंडेराव लेकीच्या घरामागे मेंढरांना पाला टाकत होता. ताईंना पाहून त्याने पोतं झटकून बसायला टाकलं. चेहरा मात्र उघडला नाही.

"रात्री फोन तुझ्या उशाशी होता म्हणे."

"खुंटीला हुता. खुंटी माझ्या उशाशी हुती."

"हात लावलास?"

"ताई, तुमी बी?"

ताई गप्प बसल्या. गप्प बसलं की माणूस बोलतो, हा त्यांचा अनुभव. खंडेराव मात्र मेंढरांतच वाढलेला, गप्प बसण्यात त्यांच्याहून तयार. अखेर ताईंनाच तोंड उघडावं लागलं.

"वही नसल्यानं तुझा फायदा झाला, एवढं तरी कबूल कर."

खंडेराव हसला. ते हसू काही चांगलं नव्हतं.

"वही आसती तर कुणाचं भलं झालं आसतं, ते वही लिवणारीला इचारा. मला नका इचारू. मला दादानं चार लोकांत एकदाच इचारलं, तेवढं बास."

"मग तूच सांग ना काय ते."

"चोराच्या बोलण्याला किंमत काय, डाक्टरबाई?"

त्याने पाल्याचा दुसरा भारा सोडला. परत येताना एसटीत ताईंनी मनाशी नोंद केली, की माणूस काहीतरी लपवतोय. नोंद बरोबर होती. काय लपवतोय, त्याचा अंदाज मात्र साफ चुकला.

३

खुलताबादला दर्ग्याच्या वाटेवर सांडूचं मोबाइलचं दुकान आहे. दुरुस्ती, रिचार्ज, कव्हर, काच आणि नवे फोन हप्त्यावर. सांडू फोन दुरुस्त करतो ते गिऱ्हाईक थांबून राहावं म्हणून, आणि कमावतो ते नवा फोन विकून. असं तो स्वतःच हसत हसत सांगतो. खोटं बोलायला त्याला कष्ट पडतात.

ताईंनी मुंजाबाचा फोन त्याच्या काचेवर ठेवला.

"हा? आता क्या झालं याला?"

"आता म्हणजे?"

"अहो, परवा... नाही, वाटणी होती ना त्यांची, त्याच दिवशी सकाळी दहालाच तर आला होता हा फोन माझ्याकडं. वही गेली, परत घालून द्या म्हणून."

ताईंनी चष्मा काढून पुसला. मुंजाबाला वही गेल्याचं कळलं दुपारी, पंच बसल्यावर. म्हणजे दुपारी सापडलेली चोरी कुणाला तरी सकाळी दहालाच माहीत होती.

"कोण घेऊन आलं होतं?"

"ते नका विचारू ताई. हाता-पाया पडून सांगितलंय, कुणाला बोलू नका म्हणून. गिऱ्हाईकाचा भरोसा आहे." सांडूने आवाज उतरवला. "पण एक बात सोचो. चोर कधी चोरलेलं परत घाला म्हणून येतो का?"

"आणि तू घातलीस का परत?"

"कशी घालणार? हे बघा." त्याने फोनवर ॲपचं दुकान उघडलं, कळपवही शोधली. कळपवही दिसली. खाली बारीक अक्षरात ओळ होती: हे ॲप तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही. "आठ वर्षांचा फोन आहे. बॅटरी झकास, आवाज झकास, पडून पडून कोपरे गेलेत तरी चालतोय. पण वरनं दुकान नाही म्हणतं. मी म्हणालो, नवा फोन घ्या, त्यात येईल."

"घेतला?"

"हप्त्यावर दिला एक. त्यात वही आली. लेकिन कोरी. एक मेंढी नाही आत. ते माणूस इथंच, या स्टुलावर बसून रडलं."

ताईंना वाटलं, उलगडलं. खंडेरावने रात्री रागात वही पुसली, सकाळी पस्तावला, परत घालायला धावला, जमलं नाही. म्हणून तोंड मिटून बसलाय. पण वही परत मिळाली तर चोर कोण हा प्रश्नच उरणार नव्हता. म्हणून त्या नावाच्या मागे न लागता वहीच्या मागे लागल्या.

आणखी एक दिवस गेला.

४

कळपवही बनवणारा अभय सिडकोत दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत काम करतो. दिवसा कंपन्यांची कामं, उरल्या वेळात हे ॲप. मेंढपाळांकडून त्याने कधी एक रुपया घेतला नाही. ताईंना पाहून त्याने खुर्चीवरचे कपडे उचलले.

"अभय, तू मला म्हणाला होतास, हे फुकट आहे आणि कायम राहील."

"मला ठेवायचंच होतं ताई. ॲपच्या दुकानाने ठेवू दिलं नाही."

"दुकानाचं काय बिघडत होतं?"

"दरवर्षी पत्र येतं. अमुक तारखेच्या आत ॲप नव्या फोनांच्या हिशोबाने बांधा, नाहीतर दुकानात दिसणार नाही. नियम अगदीच वाईट नाही हो. जुन्या पद्धतीच्या ॲपमधून लोकांची माहिती चोरीला जाते, म्हणून केलाय. पण नवं बांधायचं तर आतले तयार भाग नवे घ्यावे लागतात. ते भाग जुन्या फोनवर चढतच नाहीत."

"मग जुन्या फोनवाल्यांसाठी जुनंच राहू द्यायचं."

"दुकानाच्या मांडणीवर जुनं ठेवायचं तर त्यालाही नियम लागू. एकट्याने दोन दोन किती वर्षं सांभाळू? जुन्यावर तीनशेच माणसं उरली होती. मार्चमध्ये मी ते उतरवलं." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "तीनशे म्हणजे मला आकडा वाटला."

"दुसरी काही वाट?"

"जुनी फाइल आहे माझ्याकडे, हाताने टाकता येईल. पण आत काही नसेल. रानात नेट नसतं, म्हणून मी सगळी माहिती फोनातच ठेवली होती. हरवली तर परत मिळावी अशी सोय नंतर केली, नव्या ॲपमध्ये. आणि नवं ॲप..."

"त्या फोनवर चढत नाही."

"नाही. तसं ज्यांच्या फोनात आधीपासून आहे त्यांचं बिनघोर चालू असतं. फक्त एकदा काढलं, की गेलं."

"काय केलं की?"

"काढलं की. ॲप काढलं की."

ताई तो शब्द तोंडात घोळवत राहिल्या. काढलं. घरात भाकरी काढून ठेवतात, लुगडं काढून ठेवतात, पेटीतून कागद काढून ठेवतात, उद्या हाताशी असावं म्हणून. आणि फोनातलं ॲप काढतात, म्हणजे पुसतात.

उद्या पंच येणारंत, वही काढून ठेव.

"अभय, या फोनवरून तुझ्याकडे कधी काही आलं होतं का?"

त्याने शोधलं. दीड वर्षांपूर्वी शालूने तक्रार पाठवली होती, बेरीज अर्धीच दिसते म्हणून. सोबत पडद्याचा फोटो. एकूण मेंढरं एकशे ऐंशी. मुंजाबा, एकोणऐंशी. खंडेराव, एकशे एक.

ताईंनी फोटो दोनदा वाचला. दीड वर्षात कळप वाढतो, पण पारडं एवढं उलटं फिरत नाही. वही राहिली असती तर जास्त मेंढ्या खंडेरावला मिळाल्या असत्या. ज्याचा फायदा त्याने केलं म्हणायचं, तर चोर थोरला निघत होता. आणि तो तर पाय धरायला तयार होऊन ओट्यावर बसला होता.

संध्याकाळ झाली होती. बाजार उद्या सकाळी. सुनेला फोनवर विचारावा असा हा प्रश्न नव्हता, म्हणून ताईंनी तो सकाळवर ठेवला.

५

सकाळी सातला वस्तीवर शालू एकटीच चुलीपाशी होती. ताईंनी पाट ओढला.

"शालू, मामांनी वही काढून ठेव म्हटलं, आणि तू काढलीस."

शालूच्या हातातली भाकरी परातीतच राहिली.

"फोन रोज म्हणायचा, जागा नाय, जागा नाय. सांडूभाऊ म्हणले हुते, दोन-चार ॲपं काढा. मामा म्हणले वही काढून ठेव. मी काढली."

"एवढंच? वाटणीच्या आदल्या दिवशी वही पुसायला सांगतात, आणि तुला नवल वाटलं नाही?"

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग एकदम बोलली.

"वही मीच भरती ना ताई. नानांची, धाकल्या सासऱ्यांची, मेंढरं जास्त हायत, हे मला ठावं हुतं. मला वाटलं, मामांनाबी ठावं आसंल. म्हणूनच म्हणत आसतील, काढून ठेव. सासऱ्याला कसं इचारू, की तुमाला लबाडी करायचीय का?"

"म्हणून गुपचूप ऐकलंस."

"माझ्या फोनात कायबी काढलं की परत येतं, जसंच्या तसं. मला वाटलं, वाटणी झाली की घालू परत. पण सकाळी मन खायला लागलं. नाना माझ्या लेकराला खांद्यावर घेऊन फिरले. म्हणून सांडूभाऊंकडं पळाले."

"आणि दुपारी मामांनी नानांना चोर म्हटलं तेव्हा?"

"मला वाटलं, मामा सोंग करत्यात." शालूने पदर तोंडाला लावला. "एवढं मोठं सोंग. मग मी त्यांना खोटं कसं पाडू, चार पावण्यांत?"

दारात सावली पडली. मुंजाबा उभा होता. किती वेळचा, ते त्याच्या तोंडावरून कळत होतं.

"शालू," तो म्हणाला, "मी वही उघडून हाताशी ठेव म्हणालो हुतो गं. पेटीतनं कागद काढून ठेवतो, तशी."

"मामा..."

"मला वाचता येत नाय. माझी एकशे तीस हायत, हे माझ्या डोसक्यात हुतं. वहीत दुसरं निघालं आसतं तर मी तेच मानलं आसतं." तो उंबऱ्यावर बसला. "तुला वाटलं, मी भावाला फशिवतो?"

ताईंनी खंडेरावच्या लेकीचा नंबर मुंजाबाकडून घेऊन लावला. फोन बंद लागला.

६

भाड्याची जीप देवगावच्या बाजारात पोचली तेव्हा साडेनऊ झाले होते. मेंढरांचा बाजार उजाडताच भरतो. खंडेराव लिंबाखाली मोकळ्या हाताने बसला होता. त्याच्या बाजूची जागा तुडवलेली होती आणि तिथे लेंड्या पडल्या होत्या. मेंढ्या भरून व्यापाऱ्याची गाडी आठ वाजताच गेली होती.

मुंजाबा चालत त्याच्यापुढे गेला आणि खरंच पायांशी वाकला. खंडेरावने पाय मागे घेतले.

"नगं दादा. लोक बघत्यात."

"लोकांतच म्हणलो हुतो, लोकांतच मागं घेतो. तू चोर नायस. पोरीच्या हातनं झालं, अन् माझ्या तोंडनं. वहीत तुझी जास्त हुती रं खंड्या."

"ठावं हाय."

"ठावं हाय?"

"आईनं जाताना सांगितलं हुतं. मी म्हणलं, आपण अर्धीच घेऊ. तुझं खटलं मोठं, खाणारी तोंडं जास्त. म्हणून तर मी वही दाखव म्हणून एकदाबी म्हणलो नाय." खंडेराव धुळीकडे बघत बोलत होता. "वही नाय म्हणल्यावर मला बरंच वाटलं हुतं, दादा. तू तोंड उघडंस्तवर."

"माझ्यातल्या घे. समद्या घे. घरी चल."

"मेंढरांचं नाय ते." तो उठला, धोतर झटकलं. "जावयानं कांद्याच्या गोदामात काम बघून दिलंय. सोमवारपासनं जायचंय."

ताईंनी पुढे होऊन त्याला तो पडद्याचा फोटो पाठवायला नंबर विचारला. निदान एवढं तरी त्याच्यापाशी असावं, म्हणून. त्याने खिशातून रबर लावलेला बटणांचा फोन काढला.

"यात फोटू येत नाय, डाक्टरबाई. ह्यो बी लेकीचा. घरीच आसतो, आज बंद करून घेऊन आलतो. माझ्याकडं मोबाइल कधी नव्हताच. दादाचा फोन उघडतो कसा, ते बी मला ठावं नाय."

तुला मोबाइल वापरता येतो का, हा प्रश्न ताईंनी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. एवढंच विचारलं असतं तर तिथेच मिटलं असतं.

परत येताना मुंजाबा जीपमधून मागे बाजाराकडे बघत होता. ताईंनी मात्र सवयीने मनात बेरीज मांडली, या सगळ्यात कुणी किती भरलं त्याची. ॲपच्या दुकानाने काही भरलं नाही. त्याने नियम पाळला, आणि पाळून घेतला. नियम कागदावर चुकीचा म्हणताही येत नाही. अभयने थोडीशी झोप भरली. सांडूने काही भरलं नाही, उलट एक फोन विकला, आणि तो परत घ्यायला तयार झाला, तर ते त्याच्या चांगुलपणात जमा. ताईंनी स्वतःच्या नावावर लिहिलं: एक दिवस भलत्या माणसावर, एक दिवस भलत्या तर्कावर, आणि एक रात्र सभ्यपणापायी. शालूने सासऱ्याविषयी काय मानलं होतं ते सासऱ्याने ऐकलं. ते दोघांनाही जन्मभर एकाच चुलीपाशी बसून फेडायचं आहे. मुंजाबाने भाऊ भरला.

सगळ्यात मोठी भरपाई खंडेरावने केली. एकशे सात मेंढ्या, एक भाऊ, आणि सोमवारपासून कांद्याचं गोदाम. आणि ते ॲपचं दुकान कसं दिसतं, हे त्याने उभ्या जन्मात एकदाही पाहिलेलं नव्हतं.